नऊ आण्यांचे पुस्तक लिहिणाऱ्या ताराबाई

बारावीचा निकाल लागला, की कामोठ्यातल्या घराघरांत महिनाभर एकच चर्चा चालते. मुंबईच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून येऊन सिडकोच्या या वसाहतीत स्थिरावलेली ही कुटुंबे. सकाळी मानसरोवर स्थानकावर हार्बरची गाडी धरायची, रात्री परतायचे आणि उरल्या वेळात मुलांच्या शिक्षणाची चिंता करायची, असा अनेकांचा दिनक्रम. वैद्यकीय महाविद्यालय तर वसाहतीतच उभे असल्याने कोणत्या शिक्षणातून पुढे काय मिळते, याचे माप सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. अशा घरातली एखादी मुलगी कला शाखेचा प्रवेशअर्ज भरताना मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र किंवा इतिहास लिहिते आणि त्याच्या जोडीच्या मायनर विषयाच्या रकान्यात स्त्री अभ्यास लिहू पाहते, तेव्हा घर क्षणभर गप्प होते.

हा पर्याय तसा नवाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयासोबत दुय्यम विषय निवडण्याची रचना आली. स्त्री अभ्यास हा विषय सर्वच महाविद्यालयांत मिळतो असे नाही. पण जिथे तो मिळतो तिथे घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. याचा उपयोग काय? हे परदेशातून आलेले खूळ तर नव्हे? स्त्रियांविषयी शिकण्यासारखे असे वेगळे आहे तरी काय? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. खस्ता खाऊन फी भरणाऱ्या आईवडिलांना ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्यांची उत्तरे अभ्यासक्रमाच्या पत्रकात शोधण्यापेक्षा एका बाईच्या आयुष्यात शोधली, तर ती अधिक लवकर सापडतील. ही बाई कधी महाविद्यालयात गेली नाही. स्त्री अभ्यास हे शब्दही तिने ऐकलेले नव्हते. तिचे नाव ताराबाई शिंदे.

वऱ्हाडातले घर

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा, बुलढाण्याचा. वऱ्हाड प्रांत त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नव्या राजवटीबरोबर कचेऱ्या आल्या, कारकून आले, छापील कागद आला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घराणे मराठा, जमीनजुमला असलेले. बापूजी स्वतः वाचणारे व लिहिणारे गृहस्थ होते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांशी या घराचा निकटचा संबंध होता.

चार भावांमध्ये ताराबाई ही एकुलती एक मुलगी. त्या भागात मुलींची शाळा नव्हती. फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. परंतु पुणे आणि बुलढाणा यांच्यामधले अंतर त्या काळी कोसांमध्ये मोजून संपणारे नव्हते. तेव्हा बापूजींनी मुलीला घरीच शिकविले. मराठी तर शिकविलेच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली. मराठा घराण्यातल्या मुलीला संस्कृत शिकविणे ही त्या काळात दुहेरी बंडखोरी होती. एक तर ती मुलगी, आणि दुसरे म्हणजे ती ब्राह्मणेतर. पुढे ताराबाईंनी पुराणे आणि सुभाषिते यांची जी झडती घेतली, तिचे बीज या घरगुती शाळेत आहे. ज्या ग्रंथांच्या आधारे स्त्रीला दोष दिला जात होता, ते ग्रंथ तिच्या हाती देणारा बाप तिला लाभला होता.

लग्न लवकर झाले. मात्र ताराबाई सासरी नांदायला गेल्या नाहीत; त्यांचे पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहिले. त्यामुळे त्या काळच्या इतर मराठा सुनांच्या वाट्याला न येणारी थोडीफार मोकळीक त्यांना मिळाली. तरीही घरंदाज मराठा स्त्रीवर असलेली पडद्याची आणि उंबरठ्याची बंधने त्यांना चुकली नव्हती. आपण चार भिंतींच्या आत राहिलेली बाई आहोत आणि लिहिण्याचा हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, हे त्यांनी आपल्या पुस्तकात स्वतःच नमूद केले आहे. जगाशी त्यांची भेट होत होती ती मुख्यतः छापील कागदातून. अशाच एका कागदाने त्यांना लेखणी उचलायला लावली.

सुरतेचा खटला

१८८१ साली मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात झालेले मूल तिने जन्मतःच मारले, असा आरोप होता. सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील झाले, तेव्हा फाशी टळून तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे तीही कमी करण्यात आली.

अशा घटना नवीन नव्हत्या. विधवांचे पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ साली झाला होता, तरी वरच्या जातींत तो कागदावरच राहिला होता. बालविवाहामुळे दहा-बारा वर्षांच्या मुली विधवा होत. केशवपन, एकभुक्त राहणे, शुभकार्यात मज्जाव असे आयुष्य त्यांच्यापुढे पसरलेले असे. घरातल्या किंवा नात्यातल्या पुरुषाकडून दिवस गेले, की बाईपुढे दोनच वाटा उरत, आत्महत्या किंवा बालहत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच कारणाने. अशा विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तिथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

विजयालक्ष्मीच्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून भवति न भवति सुरू झाली. सुधारक मंडळींनी दयेची भाषा केली. ‘पुणे वैभव’सारख्या सनातनी पत्राने मात्र या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर कोरडे ओढले. स्त्रिया शिकू लागल्या, मोकळ्या वावरू लागल्या, म्हणून अनाचार वाढला, असा एकूण सूर होता. एका स्त्रीच्या गुन्ह्यावरून साऱ्या स्त्रिया दोषी ठरल्या. मूल एकटीचे नसते, ही साधी गोष्ट या साऱ्या लिखाणात कुणाच्या ध्यानी आली नव्हती.

बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंच्या ती ध्यानी आली. त्यांचा संताप नुसता दयेपोटी नव्हता. विजयालक्ष्मीवर दया करा, एवढीच मागणी करून त्या थांबल्या असत्या, तर त्यांचे लिखाण त्या काळच्या अनेक कनवाळू लेखांपैकी एक ठरून विसरले गेले असते. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषात नाहीत काय? असतील, तर त्यांना शिक्षा वेगळी का?

तुलनेची रीत

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापले गेले. पाने अवघी ५२, प्रती ५००, किंमत ९ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत खरे साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखविण्यासाठी हा निबंध असल्याचे मुखपृष्ठावरूनच वाचकाला कळावे, अशी व्यवस्था होती. साहस हा शब्द तेव्हा आजच्यासारखा कौतुकाचा नव्हता. अविचाराने केलेले दुष्कृत्य असा त्याचा अर्थ होता.

निबंधाची रचना पाहिली, तर ताराबाईंच्या बुद्धीची चमक लक्षात येते. संस्कृतातल्या एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीला संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, साहसाचे नगर, कपटाची खाण, अविश्वासाचे क्षेत्र अशी विशेषणे बहाल केली आहेत. ताराबाईंनी यातला एकेक आरोप उचलला आणि तो दोन पारड्यांत तोलून पाहिला. साहस म्हणाल, तर दरोडे कोण घालतो, खून कोण पाडतो, तुरुंग कोणाच्या गर्दीने भरले आहेत? कपट म्हणाल, तर लाच खाणारे, खोटे दस्तऐवज करणारे, भगवी वस्त्रे नेसून लोकांना नाडणारे कोण? अविचार आणि अज्ञान म्हणाल, तर ज्यांना घराबाहेर पडू दिले नाही, अक्षर शिकू दिले नाही, त्यांनाच अज्ञानाबद्दल दोष द्यायचा, हा न्याय कुठला? स्त्रियांमध्ये दोष नाहीतच, असा त्यांचा दावा नाही. ते दोष कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले आणि पुरुषांच्या दोषांच्या तुलनेत ते किती आहेत, एवढेच त्या मोजायला लावतात.

वैधव्याविषयी लिहिताना त्यांची लेखणी सर्वांत तिखट होते. नवरा मेला तर त्यात बायकोचा काय अपराध? तरी तिचे केस काढायचे, कुंकू पुसायचे, मंगलकार्यात तिचे तोंड पाहायचे नाही. उलट बायको मेली, की सुतक फिटते न फिटते तोच पुरुष बोहल्यावर चढायला मोकळा. वैधव्याचा नियम धर्माचा असेल, तर पुरुषानेही मिशा उतरवून रानात जाऊन राहावे, असे त्या बजावतात. सावित्रीने नवऱ्यासाठी यमाची पाठ सोडली नाही, ही कथा सर्वांना पाठ असते. पण बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा दाखवा, असे त्यांचे आव्हान आहे. देवांनाही त्या सोडत नाहीत. पुराणातल्या ज्या देवांनी परस्त्रियांना फसविले, ते पूज्य आणि फसविल्या गेलेल्या स्त्रिया मात्र पतित, हा हिशेब त्यांना मान्य नाही.

सुधारकांचीही त्यांच्या हातून सुटका नाही. सभा भरवून भाषणे ठोकणारे आणि घरी आल्यावर जुनीच रीत चालविणारे सुशिक्षित पुरुष हे त्यांच्या उपहासाचे मोठे लक्ष्य आहे. पोशाख, पादत्राणे, खाणेपिणे यांत इंग्रजांचे अनुकरण करताना पुरुषांचा धर्म बुडत नाही. तो बुडतो फक्त बाईने जरा पाऊल बाहेर टाकले की. परक्या राज्यात हातची सत्ता आणि धंदे गेलेल्या पुरुषाने घरातल्या सत्तेला अधिकच घट्ट धरून ठेवले, हे मर्म १८८२ साली इतक्या स्पष्टपणे पकडणारे लिखाण विरळाच. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांतून रंगविल्या जाणाऱ्या स्त्रियांबद्दलही त्यांनी नापसंती दाखविली. कुलटा किंवा देवी, या दोन साच्यांपलीकडे लेखकांना बाई दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्या काळात मराठीत समीक्षेची परंपरा नुकती कुठे आकार घेत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

आणि हे सारे कोणत्या भाषेत? निबंधाला शोभणाऱ्या संस्कृतप्रचुर मराठीत नव्हे. माजघरात बसून एखादी करारी बाई समोरच्याला सुनावते, त्या भाषेत. पुरुषांना थेट अरे-तुरेच्या सुरात प्रश्न विचारत, म्हणींचा मारा करत, मध्येच हसत, मध्येच कळवळत हे पुस्तक पुढे जाते. मराठी गद्याच्या इतिहासात बाईच्या बोलीने असा छापील कागदावर पाय रोवल्याची उदाहरणे तोवर फार थोडी होती. १८५५ साली पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतरचा हा मोठा टप्पा म्हणावा लागेल.

मर्यादाही होत्या. इंग्रजी राज्याविषयी आणि राणी व्हिक्टोरियाविषयी ताराबाईंना वाटणारा भरवसा आज भाबडा वाटतो. पतिव्रताधर्म त्यांनी पूर्णपणे झुगारला नाही. पुरुषानेही तसेच एकनिष्ठ राहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या डोळ्यांसमोरची बाई मुख्यतः वरच्या, घरंदाज समजल्या जाणाऱ्या जातींतली होती. शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या, जातीमुळे वेगळेच जाच सोसणाऱ्या स्त्रीचे आयुष्य मुक्ता साळवे यांच्या निबंधात जितके दिसते, तितके इथे दिसत नाही. ताराबाईंचे मोठेपण मान्य करताना हे विसरण्याचे कारण नाही.

आपल्याच माणसांचा विरोध

१८८२ हे वर्ष महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या दृष्टीने विलक्षण होते. याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही निघाले. याच वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे शिक्षणाविषयी निवेदन दिले. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला आणि बालपणी लावलेले लग्न बाईने मानलेच पाहिजे का, या प्रश्नाने सारा देश ढवळून निघाला.

या गजबजाटात ताराबाईंच्या पुस्तकाचे स्वागत कसे झाले? सनातन्यांनी त्याची टवाळी करणे अपेक्षितच होते. दुखावणारी गोष्ट अशी, की सत्यशोधक चळवळीतल्या पुरुषांनाही ते पचले नाही. ‘दीनबंधु’ पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यानेही ताराबाईंवर टीका केली. जातीच्या उतरंडीविरुद्ध लढणाऱ्या माणसालाही आपल्या घरातली उतरंड कुणी दाखविलेली चालत नाही, याचे हे उदाहरण आहे.

ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा कैवार घेतला, लेकीचा करावा तशा मायेने त्यांचा उल्लेख केला आणि टीका करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला खडसावले. स्त्रियांना कमी लेखणारे पुरुष स्वतःचे दोष उघडे पडू लागताच चिडतात, हे जोतीरावांनी ओळखले होते. आपल्या लढ्याच्या कार्यकर्त्यांना नाराज करूनही एका वऱ्हाडी बाईची बाजू घेणे, यात त्यांचा मोठेपणा आहे.

‘स्त्रीपुरुषतुलना’ हे ताराबाईंचे पहिले आणि एकमेव प्रसिद्ध पुस्तक ठरले. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पुस्तक निघाल्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्या हयात होत्या. या काळात महाराष्ट्रात शारदा सदन निघाले, संमतिवयाच्या कायद्यावरून रणे माजली, धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला. बालविवाह आणि वैधव्य यांवर हजारो पाने छापली गेली. त्यांत ताराबाईंचे एकही पान नाही. एवढ्या धारदार लेखणीची बाई इतका काळ छापील जगाबाहेर राहते, तेव्हा केवळ तिच्या स्वभावात त्याचे कारण शोधून चालत नाही. तिला लिहायला कोण सांगत होते, तिचे लिखाण कोण छापणार होते, तिचे वाचक कोण होते, हेही विचारावे लागते. पुरुष लेखकाचे दुसरे पुस्तक निघाले नाही, तर आपण त्याची चौकशी करतो. बाईच्या बाबतीत तशी चौकशी करायला जवळजवळ शतक जावे लागले.

विस्मृतीतून वर्गात

पाचशे प्रतींचे पुस्तक विरळ होत गेले. वाङ्मयेतिहासाच्या मोठ्या वाटेवर त्याला जागा नव्हती. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकांना ताराबाई नव्याने भेटल्या. मालशे हे जुन्या ग्रंथांचा कसून शोध घेणारे संशोधक. त्यांचे हे काम ज्या वर्षी झाले, ते वर्षही बोलके आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते.

याच सुमारास देशात स्त्रियांच्या स्थितीचा शोध नव्याने सुरू झाला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा समानतेकडे वाटचाल या आशयाचा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला. स्वातंत्र्यानंतर पाव शतक उलटूनही शिक्षण, रोजगार आणि राजकारण यांत बहुसंख्य स्त्रिया मागेच राहिल्या आहेत, हे त्याने आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला. या विद्यापीठाची स्थापना कर्व्यांनी १९१६ साली केली होती. स्त्रियांसाठी वेगळे शिक्षण असावे, ही कर्व्यांची कल्पना. आणि साठ वर्षांच्या आत त्याच विद्यापीठात स्त्रियांच्या आयुष्याचाच अभ्यास व्हावा, ही कल्पना रुजली. एप्रिल १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. विजयालक्ष्मीच्या खटल्याला तेव्हा शंभर वर्षे पूर्ण होत होती. पुढे १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी स्त्री अभ्यास केंद्रांना साहाय्य देण्यास सुरुवात केली. पुणे विद्यापीठातही असे केंद्र उभे राहिले आणि डॉ. विद्युत भागवत, डॉ. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या जुन्या स्त्रीलिखाणाला जातिप्रश्नाच्या प्रकाशात वाचण्याची शिस्त घालून दिली. १९९४ साली रोझलिंड ओहॅन्लन यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’चा इंग्रजी अनुवाद दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला आणि बुलढाण्याची ही लेखिका जगभरच्या विद्यापीठांत वाचली जाऊ लागली.

हे सारे पाहिले, की कामोठ्याच्या त्या घरात विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. हा विषय परदेशातून आला, हे अर्धेच खरे आहे. त्याचे नाव आणि त्याची विद्यापीठीय चौकट विसाव्या शतकात जगभर घडली. परंतु त्यातली मूळ कृती, म्हणजे एकाच कृत्याला स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी लावली जाणारी दोन मापे शेजारी ठेवून पाहणे, ही आपल्याकडे १८८२ साली एका मराठी बाईने करून दाखविली होती. ती विसरली गेली आणि या विषयाच्या अभ्यासकांनी ती जपली व शिकवली. एवढा उपयोग सिद्ध होण्यास हरकत नसावी.

दारातली तुलना

आता दुसरा प्रश्न, उपयोगाचा. मायनर विषय घेतल्याने लगेच नोकरी लागते, असे कुणी सांगू नये. तो मुख्य विषयाची जागा घेत नाही. त्याला एक जास्तीचा डोळा देतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी राष्ट्रीय उत्पन्न शिकते; स्त्री अभ्यास तिला विचारायला लावतो, की घरातला स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याची शुश्रूषा यांची मोजदाद त्या उत्पन्नात का होत नाही. कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, प्रशासन यांकडे वळणाऱ्यांना तर याची गरज रोजची आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली. अशा समितीत बसणाऱ्याला प्रश्न नीट विचारता येणे, हे कौशल्य शिकावेच लागते.

आणि अभ्यासासाठी सामग्री लांब शोधायला नको. ज्या जमिनीवर कामोठ्याच्या इमारती उभ्या आहेत, ती एके काळी इथल्या शेतकऱ्यांची होती. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाणे परिसरातल्या जमिनी घेतल्या. प्रकल्पग्रस्तांना पुढे साडेबारा टक्के योजनेतून विकसित भूखंड देण्याचे ठरले. अशा भूखंडाचे वाटप होताना वारसांच्या यादीत मुलींची नावे कशी येतात आणि कशी गळतात, हा एक अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो हक्क जन्मानेच मिळतो, हे पुन्हा स्पष्ट केले. तरीही गावोगावी भाऊबीजेच्या आसपास बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर होतात आणि माहेर टिकवायचे, तर सही करावी लागते, असे त्यांना सांगितले जाते. भावाने माहेर टिकवण्यासाठी काय सोडले, हे कुणी विचारत नाही. ताराबाई असत्या, तर त्यांनी नेमके हेच विचारले असते.

नव्या वसाहतीतही तुलना थांबत नाही. कर्ज दोघांच्या पगारावर आणि सदनिका कुणाच्या नावावर? एकाच गाडीने घरी परतलेल्या दोघांपैकी आधी ओट्यापाशी कोण उभे राहते? मुलगा रात्री दहाला आला तर अभ्यासिका आणि मुलगी आली तर चौकशी, असे का? यांतले काहीही भांडण उकरून काढणारे नाही. हे मोजणे आहे, आणि मोजल्यावर जे दिसेल ते मुलाने आणि मुलीने, दोघांनीही पाहावे असे आहे. म्हणूनच हा विषय फक्त मुलींनी घ्यायचा असतो, ही समजूतही काढून टाकायला हवी. ताराबाईंनी आपले पुस्तक स्त्रियांसाठी लिहिले असले, तरी त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य पुरुषांना उद्देशून आहे.

बुलढाण्याच्या हेडक्लार्कने मुलीला घरी शिकविले, तेव्हा त्या शिक्षणाचा उपयोग काय, असे शेजाऱ्यांनी त्यालाही विचारले असेलच. त्याला सांगता येण्याजोगे उत्तर त्याच्याकडे नव्हते. मुलीसाठी नोकरी नव्हती, पदवी नव्हती, वर्ग नव्हता. तरी त्याने पाटी तिच्या हाती दिली. कामोठ्यातल्या आईबापांकडे त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक कारणे आहेत. मुलीने मायनरच्या रकान्यात स्त्री अभ्यास लिहिले असेल, तर एकदा तिच्याकडून ‘स्त्रीपुरुषतुलना’ मागून घ्यावे आणि रविवारी दुपारी वाचून काढावे. अवघे बावन्न पानांचे पुस्तक आहे. त्यानंतर अर्जावर सही करायची की नाही, ते खुशाल ठरवावे.